ढोल्याचं शेवटचं वाक्य

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीतल्या आजोबांच्या दाढेला चिमटा लावला, आणि नेमकं त्याच क्षणी वरच्या मजल्यावर कुणीतरी घोरलं.

साधंसुधं घोरणं नव्हतं ते. आधी घर्रर्र, मग लांबलचक शीळ, आणि शेवटी पाण्यातून बुडबुडे यावेत तसं काहीतरी. आजोबांनी दचकून तोंड मिटलं. बाईंचं बोट आतच होतं.

"जा गं वर," बाई बोट झटकत मला म्हणाल्या. "सांगून ये त्यांना. आणि गोड बोलू नकोस."

गोड बोलण्याबद्दल माझी ख्याती नव्हतीच. बावीस वर्षांची होते, दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं लिहून घ्यायचं काम करत होते, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यात माझी एक खोड — राग आला की माझा आवाज मोठा होत नाही, नुसता वर चढतो. पिपाणीसारखा. लहानपणी आत्या मला मुद्दाम चिडवायची, केवळ ती पिपाणी ऐकायला.

वरच्या दारावर लाल दिवा लागला होता. लाल दिवा असताना आत जायचं नसतं हे मला कोण सांगणार? मी दार ढकललं. आत अंधारी खोली, भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, समोर पडदा, आणि मधोमध माइकपुढे एक किडकिडीत तरुण, कानांवर हेडफोन.

"इथे कोण घोरतंय?" मी विचारलं.

"मी," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "म्हणजे मी नाही… पाणघोडा."

"मग तुमच्या पाणघोड्याला सांगा, झोपायचं असेल तर घरी जाऊन झोप म्हणावं. खाली माणसांच्या दाढा उपटतायत, चेष्टा नाही चाललेली. आमच्या बाईंचं बोट तुटलं असतं आत्ता. ते काय पाणघोडा भरून देणार आहे?"

तो हसला नाही. नुसता बघत राहिला, तोंड किंचित उघडं. मग कोपऱ्यातल्या स्पीकरमधून एक वयस्कर आवाज आला, "ताई, आणखी जरा भांडता का?"

दारात दुसरी कुणी ताई उभी आहे का, म्हणून मी मागे वळून बघितलं.

"भांडा, भांडा," स्पीकर म्हणाला. "टेप चालू आहे."

"महिनाभर आम्ही उंदीर शोधतोय," तो किडकिडीत तरुण हळूच म्हणाला. "तुम्ही तर… चालतच आलात."

मी उंदीर झाले ती अशी.

तेव्हा टीव्हीवर रविवारी सकाळी नऊला एक परदेशी कार्टून सुरू व्हायचं होतं. लठ्ठ, आळशी पाणघोडा, आणि त्याच्या कानामागे राहणारी टीचभर उंदरीण. आपल्या भाषेत त्यांची नावं ठेवली होती ढोल्या आणि टिचकी. प्रत्येक भागाचा शेवट ठरलेला. टिचकी त्याच्या कपाळावर एक टिचकी मारते, "मी निघाले," म्हणते आणि सुर्रकन पळते. ढोल्या मागे वळेपर्यंत ती दिसेनाशी होते. मग तो नदीत गळ्यापर्यंत बुडतो आणि म्हणतो, "अगं, थांब की जरा…" की मग संगीत, आणि नावं वर सरकायला लागतात.

पुढे ते एवढं चाललं की काय सांगू. रविवारी नऊला रस्ते ओस पडायचे. दवाखान्यात येणारी पोरं खुर्चीत बसायला तयार नसली की डॉक्टरीणबाई मला हाक मारायच्या, आणि मी टिचकीच्या आवाजात "आ कर बघू" म्हटलं की पोरगं लगेच तोंड उघडायचं. आई-वडील माझ्याकडे बघत राहायचे. माझा भाव एकदम वधारला होता.

आमचं काम चालायचं मंगळवारी आणि शुक्रवारी, दवाखाना सुटल्यावर साडेतीन ते साडेसहा. चित्रफितीचा दहा-पंधरा सेकंदांचा एकेक तुकडा पडद्यावर फिरायचा, त्याला लूप म्हणायचे. पात्राचे ओठ हलतील तसं आपण बोलायचं. एका भागात असे चाळीसेक लूप. आणि त्या स्टुडिओत धड चालणारा माइक एकच होता, त्यामुळे ढोल्या आणि टिचकी दोघांनी एकाच माइकपुढे उभं राहायचं, खांद्याला खांदा लावून. खांद्याला कसला… मी त्याच्या कोपरापर्यंत यायचे. दुसऱ्याच खेपेला त्याने माझ्यासाठी एक लाकडी खोका आणला, चारी बाजूंनी घासून गुळगुळीत केलेला, वर जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकलेला.

"चढा," तो म्हणाला. "आता तोंड माइकला लागेल."

"आणि पडले तर?"

"मी आहे की शेजारी."

एवढंच म्हणाला, आणि कागद चाळायला लागला. कान मात्र लाल झाले होते त्याचे. खोक्यावर उभं राहिल्यावर ते मला अगदी समोर दिसायचे.

त्याचं खरं काम घड्याळं दुरुस्त करायचं. चौकातल्या दुकानात काचेमागे बसायचा, एका डोळ्याला भिंग लावून, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलत. माझं मनगटी घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडायचं. ते त्याने एकदा न विचारता हातातून काढून घेतलं, शुक्रवारी परत दिलं. आजतागायत ते एक मिनिट चुकलेलं नाही.

आता एक गंमत सांगते. माइकपुढे ढोल्या टिचकीला "तू" म्हणायचा. माइकपासून दूर झालो की मी "अहो" आणि तोही "तुम्ही". त्यामुळे त्याला काही लाडीगोडी करायची असली की तो ढोल्याच्या आवाजात शिरायचा.

"टिचके, चहा घेतेस?" हे ढोल्या विचारायचा.

"साखर किती घालू तुम्हाला?" हे तो स्वतः.

"ढोल्या, तुझ्या कपात बसून अंघोळ करता येईल मला," मी टिचकीच्या आवाजात म्हणायचे. मग आपल्या आवाजात, "दीड चमचा… थँक्यू हं."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट काका बसायचे. त्यांचं लक्ष मशिनवर असे, निदान आम्हाला तसं वाटे.

सरळच सांगते, मला तो आवडायला लागला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी मी केस दोनदा विंचरायचे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "उंदराला कोण बघतंय गं माइकवर?" मी म्हणायचे, सवय असावी माणसाला. पण मी वाट बघत होते. त्याने काय ते बोलायचं तर आपल्या आवाजात बोलावं, पाणघोड्याच्या नको. पाणघोड्याने मागणी घातली आणि उंदराने होकार दिला, असं का कधी होतं?

स्टुडिओचा एक रिवाज होता. दोघं एका माइकवर असताना एक चुकला की दोघांचाही लूप वाया जायचा. मग भांडणं नकोत म्हणून ज्याचं चुकलं त्याने हात वर करून नुसतं "माझं" म्हणायचं. काका टेप मागे घ्यायचे. कुणी कुणाला बोलायचं नाही.

आणि ढोल्या चुकायचा. आधीचे एकोणचाळीस लूप लोण्यातून सुरी जावी तसे जायचे. शेवटचा आला, माझं "मी निघाले" झालं, की याची गाडी अडायची. "अगं, थांब… की… थांबकी…" आणि हात वर. "माझं." कधी दोनदा, कधी चारदा. एकदा मीच चुकले होते, खोकला आला मध्येच, तरी हात त्याचाच वर.

"चार शब्द आहेत हो," मी एकदा म्हटलं. "पाठ करून या की घरून."

"करतो," तो म्हणाला. "इथे आलं की विसरतो."

सुरुवातीला मला हसू यायचं. पण मला सातच्या आत घरी पोचावं लागे. बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता, आई आधीच गेलेली. शेजारच्या काकू त्यांच्याजवळ सातपर्यंत बसायच्या, मग त्यांच्या घरची माणसं यायची, स्वयंपाक असायचा. मी बसमधून उतरून पळत सुटायचे. त्यामुळे शेवटचा लूप आला की मी घड्याळाकडे बघायचे. त्यानेच दुरुस्त केलेलं घड्याळ, आणि मी ते त्याच्याच नाकासमोर धरायचे. बाबांचं त्याला माहीत नव्हतं, असं नाही. मीच सांगितलं होतं. पण सात म्हणजे सात, हे काही मी समजावून सांगितलं नव्हतं. काकूंचे उपकार, त्यांची घाई… असल्या गोष्टी माणूस चारचौघांत बोलत नाही.

पहिली मालिका बावन्न भागांची होती. बावन्नावा भाग आम्ही एका शुक्रवारी केला. त्या दिवशी पाऊस होता. स्टुडिओचं छप्पर पत्र्याचं, जोराची सर आली की काका हात हलवायचे आणि सगळं थांबायचं. पत्र्यावर ताशा वाजत असताना उंदराचा आवाज कसा टिपणार? आम्ही दोघं भिंतीला टेकून खाली बसलो, मध्ये बिस्किटांचा पुडा. ओल्या गाद्यांचा वास सुटला होता. शेवटचा लूप तेवढा उरला होता.

"टिचके," ढोल्या म्हणाला, "तू रोज निघतेस. एक दिवस थांबलीस तर काय होईल?"

"थांबले तर गोष्ट संपेल ना रे," टिचकी म्हणाली.

"संपू दे की."

मी त्याच्याकडे बघितलं. तो पुड्याचा कागद घडी घालत होता, बारीक, आणखी बारीक. "ऐका ना…" तो म्हणाला. आपल्या आवाजात. मी श्वास रोखून धरला.

तेवढ्यात सर थांबली आणि स्पीकर म्हणाला, "चला, पटकन. पुन्हा यायच्या आत उरकू."

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी खोक्यावर चढले. माझं वाक्य झालं. तो अडखळला. हात वर, "माझं." पुन्हा. "माझं." पुन्हा. मध्ये एकदा पाऊस आला, थांबलो, पुन्हा सुरू केलं. सात वेळा, दहा वेळा. माझा जीव नुसता टांगणीला. बाराव्या वेळी मी म्हटलं, "अहो, प्लीज." त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की… पण मी तेव्हा घड्याळाकडे बघत होते. सतराव्या वेळी झालं एकदाचं. मी पर्स उचलली आणि पळाले. मागून त्याने काहीतरी म्हटलं. मी जिना उतरलेसुद्धा होते.

घरी पोचायला सव्वाआठ झाले. काकू साडेसातपर्यंत थांबल्या होत्या, मग पोरं रडायला लागली म्हणून गेल्या. बाबा पलंगाखाली पडलेले. पाणी घ्यायला उठायला गेले होते. चांगला हात होता तोच मोडला. मला बघून रडले नाहीत, म्हणाले, "उशीर झाला गं आज तुला?" एवढंच.

सोमवारी मास्तर दवाखान्यात आले. मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक. दुसरी मालिका मिळाली होती, आणखी बावन्न भाग, पण वेळ निम्मा. "सगळं घड्याळावर व्हायला हवं," ते म्हणाले. "तुला काय वाटतं, आपला वेळ जातो कुठे?"

रात्रभर मी प्लास्टरमधल्या हाताजवळ बसले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अडचण एकच आहे, मास्तर. ढोल्या. माणूस चांगला आहे, पण त्याला शेवटचं वाक्य येत नाही. दुसरा कुणी असता तर आपण सहालाच मोकळे झालो असतो."

मास्तरांनी मान हलवली. मंगळवारी वर गेले तर माइकपुढे एक गलेलठ्ठ गृहस्थ उभे. पाणघोड्याला शोभेल असा आवाज. बावन्न भागांत एकदाही चुकले नाहीत. मी रोज साडेसहाला घरी.

पोरांची पत्रं यायची स्टुडिओत, मोठ्या गोल अक्षरांत. एकाने लिहिलं होतं, "ढोल्याला सर्दी झाली आहे का? त्याला औषध द्या." मी ते वाचून पर्समध्ये ठेवलं. अजून आहे.

त्याला काढलं त्याच आठवड्यात मी चौकापर्यंत गेले होते. तो काचेमागे बसला होता, डोळ्याला भिंग, मान खाली. रस्त्याच्या या बाजूला मी वीस मिनिटं उभी. मनात म्हटलं, हा का नाही आला विचारायला? एवढं होऊन एक शब्द नाही. मग मीच का जाऊ? तेव्हा मला माझा ताठा फार मोलाचा वाटायचा. मी परत फिरले. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिथे छत्र्यांचं दुकान होतं.

खरं कळलं ते दोन वर्षांनी. रेकॉर्डिस्ट काका काम सोडून चालले होते, मी त्यांना वायरींचा गुंता सोडवायला मदत करत होते. सहज बोलता बोलता मी म्हणाले, "पहिल्या ढोल्यानं किती छळलं होतं ना तुम्हाला?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला खरंच कळलं नव्हतं?"

"काय?"

"अगं, मला हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं. माणसाला वाक्य बोलायचं असलं की तो आधी श्वास घेतो. तुझं 'मी निघाले' झालं की तो श्वासच घ्यायचा नाही. त्याला ते वाक्य बोलायचंच नसायचं. बोललं की तू जाणार."

मी हातातली वायर गुंडाळायला घेतली, ती आणखीच गुंतली.

"त्याचा एकट्याचा लूप असला की एका झटक्यात ओके द्यायचा," काका म्हणाले. "केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस तो. चार शब्दांना अडखळेल?"

ही सगळी अक्कल मला आधी यायला हवी होती. पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. चौकशी केली तेव्हा कळलं, तो दुसऱ्या गावी गेला, तिथे दुकान काढलं, लग्नही झालं. बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते. माझं लग्न… ठरवून केलं नाही असं नाही, राहूनच गेलं. टिचकीनंतर मी सशांचे, मधमाश्यांचे, एका चिडखोर चमच्याचा, असे खूप आवाज केले. कुठल्याही माइकपुढे उभी राहिले की उजव्या बाजूला कुणीतरी उंच उभं आहे असं वाटायचं. सवय असावी.

आणि मग गेल्या महिन्यात फोन आला. एक तरुण मुलगी, नवीन स्टुडिओतली रेकॉर्डिस्ट. "मॅडम, ढोल्या-टिचकी पुन्हा दाखवणार आहेत. तीस वर्षं झाली ना. जुन्या टेप साफ केल्या आम्ही, पण बावन्नाव्या भागाच्या शेवटी बुरशी लागलीय. फक्त शेवटचा लूप परत करायचाय. सरांनाही बोलावलंय."

"कुठल्या सरांना?"

"ढोल्या सरांना."

मी केस तीनदा विंचरले. काय उपयोग होता, पण विंचरले.

तो माझ्या आधीच आला होता. केस पांढरे, पोट सुटलेलं. मला बघून उठला आणि कान लाल झाले. म्हणजे एवढं तरी बदललं नव्हतं.

"आता शोभताय ढोल्या," मी म्हटलं.

"तुम्ही तेवढ्याच राहिलात." मग त्याने खुर्चीमागून काहीतरी ओढलं. तो खोका. सतरंजीचा तुकडा नवा होता. "स्टुडिओ मोडला तेव्हा काकांनी पाठवला होता. घरी नात त्याच्यावर उभी राहून टीव्ही बघते. आज मागून आणलाय."

"नात?"

"पाच वर्षांची. अर्धे दात पडलेत. ढोल्याचा आवाज काढला की म्हणते, आजोबा, सर्दी झालीय का."

आम्ही दोघंही हसलो, मग हसू सरलं. मुलगी काचेपलीकडे काहीतरी जुळवत होती. मूळ आवाज एकाच माइकवरचा, म्हणून तिने आताही एकच माइक ठेवला होता. मी खोक्यावर चढले. त्याने हात पुढे केला, मी धरला, सोडला.

"मास्तरांना मी सांगितलं होतं," मी म्हणाले. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य, पण आवाज पिपाणीसारखा चढलाच. "तुला काढायला. मी."

तू म्हटलं मी त्याला. आपल्या आवाजात. तीस वर्षांनी.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मास्तर म्हणाले मला. मी म्हटलं, बरोबर बोलतेय ती."

"मुद्दाम चुकायचास, हे का नाही सांगितलंस मग?"

"काय सांगणार? त्या दिवशी सतरा वेळा चुकलो, कारण मालिका संपत होती. पुढचा मंगळवार आहे की नाही, माहीत नव्हतं. म्हटलं, आता विचारू, पुढच्या वेळी विचारू… धीरच होईना. आणि तिकडे तुझे बाबा पडले. काकांकडून कळलं मला." तो माइककडे बघत होता. "ज्याच्यामुळे ते पडले, त्याने कुठल्या तोंडाने दारात यायचं?"

"मी चौकात आले होते. रस्त्यापलीकडे उभी होते."

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "काचेत दिसत होतीस. मला वाटलं, भांडायला आलीयस. भांडली असतीस तरी चाललं असतं."

मी त्याच्यावर प्रेम करत होते आणि मीच त्याला घालवला होता, आणि तो काचेमागे मान खाली घालून मी आत येण्याची वाट बघत बसला होता. हे कुणाला सांगायचं?

"मॅडम, सर, रेडी?" मुलीने विचारलं. "पंधरा सेकंदांचाच आहे."

पडद्यावर नदी आली. ढोल्याचं मोठं कपाळ, त्यावर टीचभर टिचकी. माझी वेळ आली. तोंड उघडलं आणि "मी नि… निघ…" झालं.

मी हात वर केला. "माझं."

"नो प्रॉब्लेम, मॅडम," मुलगी म्हणाली.

दुसऱ्यांदाही तेच. "माझं." तिसऱ्यांदाही. तो आता माझ्याकडे वळून बघत होता. हळूच म्हणाला, "श्वास घेत नाहीयेस तू."

"तुला बरं ऐकू आलं."

"तीस वर्षं तेच तर ऐकतोय." हसला, पण डोळे भरले होते. टेबलावर त्याचा फोन उजळला, विझला, पुन्हा उजळला. त्याने तिकडे बघितलं.

"घरून?" मी विचारलं.

"हो. बायको. मला एकट्याला गाडी चालवू देत नाही आता. खाली थांबलीय." जरा थांबून म्हणाला, "चांगली आहे फार."

"असणारच," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. मला वाट बघणाऱ्या माणसांची घाई कळते.

"मॅडम, पाणी हवंय का?" मुलीने विचारलं.

"नको. टेप चालू कर."

नदी आली. कपाळ आलं. मी छातीभरून श्वास घेतला, हात उचलून हवेत टिचकी मारली आणि म्हणाले, "मी निघाले." स्वच्छ, टिपेला, बावीस वर्षांची असताना म्हणायचे तसं. पडद्यावर टिचकी सुर्रकन पळाली. ढोल्या वळला, नदीत गळ्यापर्यंत बुडाला. मी हेडफोन कानांवर दाबून ऐकत होते. शेजारी काहीच आवाज नाही. श्वासाचासुद्धा.

"अगं… थां… थांबकी…"

तो थांबला. हात वर केला. "माझं."

"सर, तुम्हीपण?" काचेपलीकडची मुलगी हसायला लागली. "बरं, अजून एकदा."

अजून एकदा. ती टेप मागे घेईपर्यंत आम्ही दोघं माइकपुढे उभे होतो, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून.

मग नदी पुन्हा आली, आणि यावेळी आम्ही दोघांनीही श्वास घेतला.